मोहरीचा संकर इतका अवघड का?

मराठी स्वयंपाकघरात मोहरी लागते ती फोडणीला किंवा लोणच्यात फेसून घालायला. उत्तर आणि पूर्व भारतात मात्र रोजचं तेलच मोहरीचं. रब्बीच्या हंगामात राजस्थान, उत्तर प्रदेश, हरयाणा, मध्य प्रदेश, पश्चिम बंगालमध्ये लाखो हेक्टर शेतं पिवळी होतात. तरीही देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणावं लागतं. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून येतं, सोयाबीनचं दक्षिण अमेरिकेतून, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनकडून. तिकडे युद्ध पेटलं की इकडे पिशवीचा भाव चढतो. मोहरीचं सरासरी उत्पादन हेक्टरी दीड टनाच्या आसपासच रेंगाळतं. ते वाढवण्याचा एक मार्ग म्हणजे संकरित वाण.

हा मार्ग नवा नाही. दोन वेगळ्या कुळीचे आईबाप एकत्र आणले की पहिल्या पिढीची संतती दोघांहून जोमदार निघते, हे मक्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दिसलं होतं. याला संकर-ओज म्हणतात. भारतात ज्वारीचा सीएसएच-१ हा संकरित वाण १९६४ मध्ये आला आणि महाराष्ट्राच्या खेड्यांत ‘हायब्रीड’ हे ज्वारीचंच नाव होऊन बसलं. १९७० मध्ये सुरतच्या केंद्रातून कापसाचा एच-४ आला. मोहरी मात्र मागे राहिली. कारण तिच्या फुलात आहे.

पंधरा हजार फुलं, एक किलो बी

मोहरीच्या इवल्याशा फुलात चार पाकळ्या, सहा पुंकेसर आणि मधोमध स्त्रीकेसर असतो. नर-मादी एकाच फुलात असल्याने बहुतेक फुलं स्वतःच्याच परागांनी फळतात. संकर करायचा तर मादी म्हणून निवडलेल्या झाडाचे पुंकेसर कळी उमलण्याआधी काढून टाकायला हवेत. मक्यात हे सोपं, वरचा तुरा खुडला की झालं. कापसाच्या बीजोत्पादनात मजूर हातानेच कळ्या सोलतात, पण तिथे फूल मोठं असतं.

मोहरीच्या एका शेंगेत दहा-पंधरा दाणे भरतात आणि एका किलोत सुमारे दोन लाख दाणे मावतात. म्हणजे किलोभर संकरित बियाण्यासाठी पंधरा हजारांच्या आसपास फुलं चिमट्याने हाताळावी लागतील. हेक्टरी चार-पाच किलो बी लागतं. प्रयोगशाळेत हे जमेल, पण राजस्थानभर पुरेल एवढं बियाणं असं तयार होणार नाही.

म्हणून शोध सुरू झाला तो मुळात पराग न धरणाऱ्या झाडाचा. अशा झाडाला नरवंध्य म्हणतात. एका ओळीत नरवंध्य झाडं आणि शेजारच्या ओळीत पराग देणारी झाडं लावली की उरलेलं काम मधमाश्या आणि वारा करतात.

निसर्गात असा दोष अधूनमधून सापडतो. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियात बिघाड झाला की परागकण धड तयार होत नाहीत. माणसाप्रमाणेच मोहरीतही मायटोकाँड्रिया आईकडूनच येतो, त्यामुळे हा दोष आईच्या वंशात पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. मुळा आणि मोहरीच्या रानटी भावंडांकडून असा गुण मोहरीत आणला गेला. पण पुढची अडचण उभीच होती. शेतकऱ्याच्या रानात उगवणारं संकरित झाड वंध्य राहून चालत नाही, त्याला दाणे धरायला हवेत. त्यासाठी बापाकडून दोष दुरुस्त करणारं जनुक यावं लागतं आणि ते सहज सापडत नाही. काही नरवंध्य झाडांची पानंही फिकट पिवळी पडत. या अडचणींतून वाट काढत काही संकरित वाण आले. आज बाजारात मिळणारं मोहरीचं संकरित बी याच पद्धतीचं असतं.

कुलूप आणि किल्ली

दुसरी वाट जनुक अभियांत्रिकीची. मातीत राहणारा एक जिवाणू ‘बार्नेज’ नावाचं विकर तयार करतो. ते पेशीतल्या आरएनएचे तुकडे करतं. त्याचा त्रास जिवाणूला स्वतःला होऊ नये म्हणून तोच जिवाणू ‘बारस्टार’ हे प्रथिनही बनवतो. बारस्टार बार्नेजला घट्ट बिलगून निकामी करतं. १९९० मध्ये बेल्जियम आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की बार्नेजचं जनुक परागकणांना पोसणाऱ्या पेशींच्या थरातच चालू राहील अशी योजना केली तर फक्त पराग मरतो, बाकी झाड निरोगी राहतं. बापाच्या झाडात बारस्टार घातलं की संततीत कुलूप उघडतं आणि पराग पुन्हा तयार होतो. कॅनडात मोहरीच्या जवळच्या पिकात, कॅनोलात, ही पद्धत १९९० च्या दशकापासून वापरात आहे.

दिल्ली विद्यापीठात डॉ. दीपक पेंटल यांच्या गटाने याच तत्त्वावर डीएमएच-११ हा वाण तयार केला. त्याची आई ‘वरुणा’ हा जुना भारतीय वाण, तर बाप ‘अर्ली हीरा-२’ हा पूर्व युरोपीय कुळीचा. दोन कुळी एकमेकींपासून दूर असल्यामुळे संततीचा जोम वाढतो. चाचण्यांत या वाणाने वरुणापेक्षा सुमारे २८ टक्के जास्त उत्पादन दिल्याचा संशोधकांचा दावा आहे. वरुणा जुना आहे, तुलना आजच्या सर्वोत्तम वाणांशी व्हायला हवी, असा टीकाकारांचा आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे.

आरोग्याचे प्रश्न

‘नरवंध्य’ हा शब्द ऐकून अनेकांच्या मनात भीती बसते, की असं तेल खाल्लं तर माणसालाही वंध्यत्व येईल का? ही भीती निराधार आहे. बार्नेज काम करतं ते परागकोशातल्या एका थरात, आणि संकरित झाडात बारस्टार त्याला तिथेच निकामी करतं. तेल म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश, त्यात प्रथिनं आणि डीएनए नगण्य. जनुकं तर आपण प्रत्येक घासाबरोबर खातो आणि पचवतो. पानांची भाजी आणि अख्खे दाणेही खाल्ले जातात, म्हणून त्यांची स्वतंत्र तपासणी हवी, हे मात्र खरं.

तणनाशकाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. बियाणं तयार करताना नको असलेली झाडं मारता यावीत म्हणून या वाणात ग्लुफोसिनेट हे तणनाशक सहन करणारं तिसरं जनुकही आहे आणि ते शेतकऱ्याच्या पिकातही उतरतं. २०२२ च्या सरकारी परवानगीत शेतकऱ्याच्या रानात ही फवारणी करायला मनाई आहे. पण बांधावर ही मनाई कोण पाळून घेणार? फवारणी वाढली तर अन्नातला अंश, खुरपणीवर पोट असलेल्या बायकांची मजुरी आणि मधमाश्या, सगळ्यांवरच परिणाम होईल.

वाण कोणताही असो, तेलाच्या गुणवत्तेकडेही पाहायला हवं. पारंपरिक भारतीय मोहरीच्या तेलात ४० ते ५० टक्के इरुसिक आम्ल असतं. उंदरांवरच्या प्रयोगांत त्यामुळे हृदयाच्या स्नायूत चरबी साठलेली दिसली. माणसात तसा थेट पुरावा नाही, पण अनेक देशांनी त्यावर मर्यादा घातल्या. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या ‘पुसा मोहरी ३०’ या वाणात हे प्रमाण २ टक्क्यांखाली आहे, आणि ते जनुक परिवर्तनाशिवाय साधलं आहे. उत्पादन वाढवताना हा गुणही संकरात आणणं हे पैदासकारांपुढचं पुढचं काम आहे.

बियाणं कोणाचं?

संकरित पिकाचं बी घरी राखून पुन्हा पेरता येत नाही. पुढच्या पिढीत जोम घटतो आणि डीएमएच-११ च्या बाबतीत सरासरी १६ पैकी ३ झाडं नरवंध्य निघतील. म्हणजे दरवर्षी बियाणं विकत घ्यावं लागेल. कापूस उत्पादक शेतकऱ्याला हा खर्च ओळखीचा आहे. मोहरी पेरणारा लहान शेतकरी अनेक ठिकाणी अजून घरचं बी वापरतो. त्याला वाढीव उत्पादनातून बियाण्याची किंमत वळती होते का, हा हिशेब शेतावरच मांडावा लागेल.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं परवानगीच्या वैधतेवर एकमत झालं नाही, पण जनुकीय पिकांसाठी राष्ट्रीय धोरण ठरवावं यावर दोघांचं एकमत झालं. त्या धोरणात आजच्या चांगल्या वाणांशी खुली तुलना, तणनाशकाच्या अंशाची नियमित तपासणी आणि सरकारी संस्थांकडून रास्त दरात बियाणं, या तीन गोष्टी असल्या तर शेतकऱ्याला आणि तेल खाणाऱ्याला निर्णय घेणं सोपं जाईल.