धूर जातो कुठून?

तुम्हां डोंबिवलीकरांना आज एक कोडं घालतो. आपल्या या जुन्या घराच्या कौलांतून आषाढातला मुसळधार पाऊस आत येत नाही. पण सकाळी चूल पेटली की धूर त्याच कौलांतून बाहेर पडताना दिसतो. धुराला जी फट सापडते, ती पावसाला का सापडत नाही?

आधी माळ्यावर चढून बघून या. बघितलंत? कौलं माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढलेली आहेत. पाणी वरच्या कौलावरून खालच्यावर घरंगळतं आणि पागोळ्यांतून अंगणात पडतं. फटीत शिरायचं तर त्याला उलटं वर चढावं लागेल. धूर मुळात वर जाणारा, त्याला फट समोरच सापडते. या मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळुरात काढला. त्याआधी कुंभाराने घडवलेली नळीची कौलं होती, त्यांत फटी आणखी जास्त. दरवर्षी पावसाआधी शाकारणी करताना कंबर मोडायची, आणि एवढं करून माकडं यायची ती यायचीच.

आता, धूर वर का जातो? हवेला वजन असतं. एक मीटर लांब, रुंद आणि उंच खोकं घ्या. त्यात ३० अंशांची हवा भरली तर ती साधारण १ किलो १६० ग्रॅम भरते. तीच ४० अंशांपर्यंत तापली की तेवढ्याच जागेत जवळजवळ ४० ग्रॅम कमी मावते. थोरला हसतोय, ४० ग्रॅम म्हणजे काय मोठंसं! अरे, पण या माजघरात तसली किती खोकी मावतील ते मोज. ही सगळी हलकी हवा आढ्याकडे जाते, कौलांतून निसटते आणि तिची जागा घ्यायला पडवीतली, सावलीतली हवा खालून आत येते. आतल्या भिंती बघा, त्याही छपराला भिडलेल्या नाहीत. स्वयंपाकघरातली गरम हवा कोणत्याही खोलीवरून आढ्याला जाऊ शकते. (कोणाच्या खोलीत काय बोलणं चाललंय तेही सगळ्यांना ऐकू जातं, हा त्यातला तोटा.)

देवघरातली उदबत्ती आण गं जरा. स्वयंपाकघराच्या दारात उंबऱ्याजवळ धर. धूर आत चाललाय ना? आता दादाच्या खांद्यावर बसून तीच उदबत्ती चौकटीच्या वरच्या अंगाला धर. बघ, धूर उलटा, बाहेर आला! एकाच दारातून खालून हवा आत येतेय आणि वरून बाहेर जातेय. पण खिडक्या-दारं बंद असलेल्या खोलीत एकच खिडकी उघडली, तर आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा त्या एकाच वाटेवर अडखळते. लोक वाऱ्याला आत घ्यायच्या खटपटीत असतात. माझं उलटं सांगणं आहे: त्याला आधी जायची वाट द्या, यायचं तो बघून घेईल. जायची वाट उंचावर आणि यायच्या वाटेपेक्षा मोठी असली तर फारच उत्तम.

तरीही इथल्या उकाड्याची खोड वेगळी आहे. परवा दिवा-रोहा गाडीने आलात ना? गाडी धावत होती तोवर खिडकीत बरं वाटत होतं आणि स्टेशनात थांबली की घामाच्या धारा. हवा तीच, तापमान तेच. मग बदललं काय? अंगावरचा एक ग्रॅम घाम सुकताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषतो. पण आपल्या कोकणच्या हवेत आधीच ओल भरलेली, घाम सुकणार कसा? अंगालगतची ओली हवा हटवायला वारा लागतो. म्हणून नागपुरात वाळ्याचा कूलर थंडावा देतो आणि इथे मे महिन्यात तोच कूलर लावला तर अंथरूण दमट होतं, बाकी काही नाही. आपल्याला हलती हवा हवी. दुपारी खाडीच्या अंगाने खारे वारे येतात, रात्री डोंगराकडून मतलई वारे. जुन्या लोकांनी समोरासमोर दारं ठेवली ती काही उगाच नाही.

हे सगळं माणसाच्या आधी वाळवीला जमलंय. पाताळगंगेकडे जाताना बांधावर ते वारूळ आहे ना, कडेने उभ्या पन्हळी असलेलं? त्याला बाहेरून एकही भोक दिसत नाही. आत मात्र वाळवीची अख्खी वसाहत आणि तिची बुरशीची शेती. पावसात तिथे अळंबी उगवते ती त्या शेतीतलीच. एवढ्या जिवांचा आणि बुरशीचा कार्बन डायऑक्साइड जातो कुठे? बंगळुरूत हंटर किंग, सॅम्युएल ओको आणि एल. महादेवन यांनी अशाच वारुळांत वारा मोजला आणि २०१५ साली निष्कर्ष छापला. कडेच्या पन्हळी पातळ, उन्हाने चटकन तापतात. त्यांतली हवा वर चढते आणि मधल्या जाड पोकळीतून खाली उतरते. रात्री पन्हळी आधी गार होतात आणि फेरा उलटतो. दिवसरात्रीच्या तापमानातला फरक हेच त्यांचं इंजिन! कोंडलेला वायू सच्छिद्र मातीतून झिरपून बाहेर जातो. आतला गारवा म्हणाल तर तो मुख्यतः जमिनीचा. हवा खेळती ठेवणं हे वारुळाचं काम. नागोबा आयत्या बिळावर येतो तो काही उगाच नाही.

वारुळावरून कल्पना घेऊन मिक पीअर्स नावाच्या वास्तुविशारदाने आफ्रिकेत हरारेला ईस्टगेट सेंटर बांधलं, १९९६ साली. रात्रीची गार हवा इमारतीच्या जाड काँक्रीटमधून फिरवायची आणि दिवसा तो गारवा वापरायचा. गरम हवा छपरावरच्या धुराड्यांतून बाहेर. वारुळाचं खरं गणित थोडं निराळं निघालं, पण इमारत चालते आहे.

आता तुमची तक्रार. वरची नवी स्लॅबची खोली रात्री भट्टी का होते? कौल पातळ, सूर्य मावळला की थोड्या वेळात निवतं. स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि झोपायच्या वेळी खोलीत सोडते. त्यात खिडकी एकाच भिंतीला. पंखा तीच गरम हवा ढवळत बसतो. तेव्हा संध्याकाळी उन्हं उतरली की जिन्याच्या माथ्यावरचं गच्चीचं दार उघडा, त्याला डासांची जाळी मी लावून घेतलीय. खोलीचं दार उघडं ठेवा, म्हणजे जिन्यातून गरम हवा वर निघेल आणि खिडकीतून मतलई वारा आत ओढला जाईल. सकाळी ऊन चढायच्या आत खिडकी लावायची, पडदा ओढायचा. पश्चिमेच्या भिंतीवर मोगऱ्याचा वेल नाही, दुधीचा मांडव चढवायचा, कारण पानं मोठी. आणि दुपारी? दुपारी वर जायचंच कशाला, इथे पडवीत सतरंजी टाका. फक्त माझ्या झोपाळ्याची जागा सोडून.