चाके बदलताना दाबसंवेदकाचा विसर नको

मोटारीची मूळ चाके काढून त्या जागी आकर्षक अलॉय चाके बसवून घेण्याची हौस अनेकांना असते. चाकांचा आकार, रंग आणि किंमत यांची चर्चा दुकानात भरपूर होते. मात्र जुन्या चाकाच्या आत बसलेल्या एका लहानशा उपकरणाची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ते उपकरण म्हणजे टायरमधील हवेचा दाब मोजणारा संवेदक, अर्थात सेन्सर.

हवा कमी झालेला टायर धावताना अधिक वाकतो, त्यामुळे तो तापतो आणि वेगात असताना फुटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेत अशा गंभीर अपघातांनंतर सन २००० मध्ये कायदा करण्यात आला व पुढे नव्या मोटारींना दाबाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. भारतात २०२० मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन, ही यंत्रणा, ट्यूबलेस टायर आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या लहान मोटारींना स्टेपनी न ठेवण्याची मुभा मिळाली. अशा मोटारीत तर या सूचनेचे मोल अधिकच आहे.

ही यंत्रणा दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात चाकात संवेदक नसतोच. हवा कमी झालेले चाक किंचित वेगाने फिरते, हा फरक एबीएसच्या साहाय्याने ओळखला जातो. येथे नवी चाके बसविल्यावर हवा योग्य भरून यंत्रणा ‘रीसेट’ करणे आवश्यक असते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक चाकात, बहुधा व्हॉल्व्हलाच जोडलेला संवेदक असतो व तो रेडिओलहरींद्वारे दाब कळवितो. चाक बदलले की तोही जुन्या चाकाबरोबर निघून जातो.

म्हणून दुसऱ्या प्रकारच्या मोटारीची चाके काढण्यापूर्वीच पुढील बाबी ठरवून घ्याव्यात :

१. जुने संवेदक नव्या चाकांत बसतील काय, हे विचारावे. त्यांतील बॅटरी साधारणतः पाच ते दहा वर्षे टिकते आणि बहुधा वेगळी बदलता येत नाही. ती संपत आली असल्यास नवे संवेदक घेणे हिताचे.

२. नवे संवेदक आपल्या मोटारीच्या प्रणालीशी जुळणारेच घ्यावेत.

३. जुने संवेदक वापरताना व्हॉल्व्हचे रबरी वॉशर नवे घालावेत.

४. टायर उतरविण्यापूर्वी आत संवेदक असल्याची कल्पना कारागिराला द्यावी. यंत्राच्या दाबाने तो तुटू शकतो.

बँकेत नमुना सहीची नोंद नसल्यास धनादेश वटत नाही. त्याचप्रमाणे नव्या संवेदकाच्या क्रमांकाची नोंद मोटारीच्या संगणकात नसल्यास त्याचा संदेश स्वीकारला जात नाही. काही मोटारी ही नोंद थोडे अंतर चालविल्यावर आपोआप करतात. काहींना त्यासाठी उपकरण लागते. दुकानातून निघण्यापूर्वी याची खात्री करावी.

सूचकदिवा सतत पेटलेला राहिल्यास हवा कमी आहे असे समजावे. गाडी सुरू करताना तो सुमारे मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिल्यास, बहुतेक मोटारींत दोष यंत्रणेतच असतो. दोन्ही वेळी दुर्लक्ष नको.

तथापि संवेदकावर सर्वस्वी विसंबू नये. अमेरिकेच्या नियमानुसार दाब पंचवीस टक्क्यांनी घटल्यावर इशारा मिळणे बंधनकारक आहे. म्हणजे ३३ पीएसआयचा टायर सुमारे २५ वर येईपर्यंत दिवा पेटेलच असे नाही. म्हणून महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, मापकाने हवा तपासावी.

नव्या चाकांची पावती जपून ठेवावी व हा बदल विमा कंपनीस कळवावा. हौस जरूर करावी. मात्र त्या हौसेपायी कुटुंबाच्या सुरक्षिततेचा पहारेकरी जुन्या चाकांबरोबर दुकानातच राहू नये.