गुंजभर औषध, वाघिणीभर नोटा

सराफाच्या तराजूतली लाल गुंज आठवते ना? काळ्या ठिपक्याची, इवलीशी. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. ती तळहातावर घ्या आणि हिशोबाला बसू.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची संरक्षणव्यवस्थाच मज्जातंतूंवरचं वेष्टण कुरतडते. त्यावर बायोजेन कंपनीचं अव्होनेक्स: आठवड्याला एक इंजेक्शन, ३० मायक्रोग्रॅम. वर्षाचं जेमतेम दीड मिलिग्रॅम! पाणी वगळून नुसतं औषध तोललं, तर एका गुंजेत एक माणूस ७७ वर्षं काढेल. अख्खा जन्म! सेरोनो ही दुसरी कंपनी म्हणाली, एवढ्यानं भागत नाही. तिचं रेबिफ ४४ मायक्रोग्रॅम, तेही आठवड्यातून तीनदा. तीच गुंज आता साडेसतरा वर्षांत संपते. पण सुया मोजा. वर्षाला ५२ च्या जागी १५६. दहा वर्षांत १,५६०! ज्याला टोचून घ्यायचंय, त्याच्यासाठी हाच आकडा सगळ्यांत मोठा, आणि तो कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

सेरोनोनं ६७७ रुग्णांत दोन्ही औषधं समोरासमोर लढवली. २४ आठवड्यांत रेबिफवर शंभरांतले ७५ जण आजाराच्या झटक्याविना राहिले, अव्होनेक्सवर ६३. या बळावर मार्च २००२ मध्ये अव्होनेक्सचा अमेरिकेतला विक्रीचा राखीव हक्क फुटला. आणि दोन्हीकडचं मिळून औषध लागलं किती? उणीपुरी अकरा गुंजा!

आता कॅप्सूल घ्या. त्याच आजारावरचं बायोजेनचं टेकफिडेरा, दिवसाला ४८० मिलिग्रॅम. जवळपास चार गुंजा. हा डोस आधी कुणाचा, यावर बायोजेन आणि डेन्मार्कची फॉरवर्ड फार्मा भिडल्या. २०१७ मध्ये तडजोड झाली: सव्वाशे कोटी डॉलर! तेव्हाच्या भावानं साधारण ८,५०० कोटी रुपये. पाचशेच्या १७ कोटी नोटा. नोट ग्रॅमभराची धरा, मालगाडीच्या तीन वाघिणी गच्च. टोकाला टोक लावून पसरा, मुंबई-पुणे १७० वेळा! आणि २०१९ या एका वर्षात टेकफिडेराची जगभरची विक्री ४४० कोटी डॉलर. त्या नोटांची रांग मुंबई-पुणे सहाशेहून जास्त वेळा, म्हणजे पृथ्वीला दोन वेढे घालून वर उरेल!

हे वेढे या डोसच्या ज्या पेटंटवर उभे होते, त्याला मायलन कंपनीनं कोर्टात आव्हान दिलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये अपील न्यायालयानंही ते रद्दच ठरवलं. कारण पेटंटच्या सगळ्या वर्णनात ४८० मिलिग्रॅमचा उल्लेख होता फक्त एकदा.