मागील बाकी : ख्रिस्ती क्षमेचा हिशेब

दिवाळीच्या आधीचे दोन महिने इतवारीतल्या छापखान्यांना उसंत नसते. मी तिथे अठ्ठावीस वर्षे काढली. आधी खिळे जुळवले, मग संगणकावर अक्षरजुळणी केली. लक्ष्मीपूजनाला व्यापारी ज्या नव्या वह्या पूजतात, त्यांची पाने आमच्याकडून छापून जात. पहिल्या पानावर ‘श्री’, दोन बाजूंना शुभ आणि लाभ. व्यापारी वही घरी नेतो, पूजा करतो आणि जमाखर्चाच्या पहिल्या ओळीत लिहितो, ‘मागील बाकी’. वही नवी असली तरी बाकी जुनीच असते.

त्याच दिवसांत ख्रिस्ती मंडळ्यांची कामेही येत, कारण नाताळच्या उपासनेच्या पुस्तिका वेळेत हव्या असत. अशाच एका पुस्तिकेचे प्रूफ वाचताना प्रभूच्या प्रार्थनेत मी अडलो. देवाकडे क्षमा मागण्याच्या ओळीत पाप नाही, अपराध नाही, चक्क ‘ऋण’ हा शब्द होता. मी पेन्सिलीने खूण केली आणि पाद्रीसाहेब आले तेव्हा विचारले. ते म्हणाले, “चूक नाही भाऊ. ऋणच आहे. हात लावू नका.”

मी ख्रिस्ती नाही आणि पदवीधरही नाही. पण त्या एका शब्दाने मला पुढे बरीच वर्षे वाचायला लावले. त्याचे एक कारण शब्दाबाहेरचे होते, ते पुढे येईलच.

ही प्रार्थना मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे. तिथे मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ देणे, कर्ज असाच आहे. लूकच्या पाठात त्या जागी पाप येते, पण त्याच वाक्याच्या उत्तरार्धात पुन्हा देणेकरी डोकावतो. येशूची बोलभाषा अरामी. त्या भाषेत ‘होबा’ या एकाच शब्दाने कर्जही सांगतात आणि पापही. म्हणजे ऐकणाऱ्या शेतकऱ्याला किंवा कोळ्याला ही उपमा वाटलीच नसेल. सावकार त्याच्या रोजच्या परिचयाचा होता.

याहून मोलाचे आहे ते त्या ओळीचे क्रियापद. ग्रीकमध्ये क्षमेसाठी जे नाम येते, ‘अफेसिस’, त्याचा अर्थ सोडणे, मोकळे करणे. यहुदी धर्मशास्त्रात दर सातव्या वर्षी कर्जे सोडून देण्याची आज्ञा आहे. तिच्या जुन्या ग्रीक भाषांतरातही हाच शब्द आहे. आपल्या मराठी भाषांतरकारांनी तिथे ‘सोडणे’ हेच साधे क्रियापद घेतले. मला ते फार नेमके वाटते. क्षमा हा संस्कृत शब्द ‘क्षम्’ म्हणजे सहन करणे यावरून आला. माफी अरबीतून आली, तिच्यात सूट मिळाल्याचा भाव आहे. सोडण्यात मात्र हाताची मूठ उघडावी लागते.

अक्षरजुळणी करणाऱ्याला काळ चटकन दिसतो. देवाने आमचे ऋण सोडावे, ही विनंती आहे. आम्ही इतरांचे ऋण सोडण्याचा भाग मात्र झालेल्या गोष्टीसारखा, पूर्ण क्रियापदात येतो. प्रार्थना करणारा सांगतो की माझ्याकडून ते झाले आहे, आता तुझ्याकडून होऊ दे. शिवाय प्रार्थना संपल्यावर लगेच येशू तिच्यातल्या एकाच मागणीचा खुलासा करतो आणि ती हीच आहे : तुम्ही सोडले नाही, तर तुमचेही सुटणार नाही. भाकरीच्या मागणीला अशी अट नाही. ख्रिस्ती माणूस हे रविवारच्या रविवारी सर्वांसमक्ष, मोठ्याने म्हणतो. मी ते प्रूफमध्ये मनातल्या मनात वाचले आणि माझ्याच घशात अडकले.

याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा? उत्तर येते, सातांच्या सत्तर पट. मग येशू एक गोष्ट सांगतो. एका चाकराकडे राजाचे दहा हजार तालांत देणे असते. राजा ते सगळे सोडतो. तो चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिनार देणे असलेल्या सोबत्याचा गळा धरून त्याला तुरुंगात टाकतो.

मला आकड्यांची सवय, म्हणून कागद घेऊन बसलो. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. तर पहिले देणे सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे झाले. रोजी ५०० रुपये धरली तर ३,००० कोटी. एवढे कर्ज कोणताही चाकर फेडू शकत नाही. ऐकणारे हसलेच असतील. दुसरे देणे शंभर दिवसांचे, म्हणजे ५०,००० रुपये. प्रवचनांत हे दुसरे देणे पुष्कळदा ‘क्षुल्लक’ म्हणून सांगितले जाते. ज्याने असे सांगितले त्याने मजुरी केली नसावी. ५०,००० रुपये क्षुल्लक नसतात. माणसाने माणसाचे केलेले नुकसान खरे असते आणि ते बोचते, हे गोष्टीला मान्य आहे. ती फक्त त्या रकमेला दुसऱ्या रकमेशेजारी ठेवते.

विदर्भात कर्ज आणि माफी हे शब्द उच्चारले की डोळ्यांपुढे वेगळेच चित्र येते. २००८ ची केंद्राची कर्जमाफी आपण पाहिली. पूर्ण माफी दोन हेक्टरांपर्यंत होती, म्हणून कोरडवाहू पाच-सात एकरांचे कितीतरी शेतकरी तिच्याबाहेर राहिले. सावकाराचे देणे तर तिच्यात नव्हतेच. पुढे राज्याच्या २०१७ आणि २०१९ च्या योजना आल्या. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. बँकेचे पैसे बुडत नाहीत, सरकार ते भरून देते. ख्रिस्ती अर्थाने ऋण सोडण्यात हे भरून देणारे तिसरे कोणी नसते. ज्याचे गेले त्यानेच तोटा सोसायचा असतो. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की देवानेही तो असाच, स्वतःच्या अंगावर घेतला; कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात आपल्याविरुद्धचे ऋणाचे खत वधस्तंभाला ठोकून रद्द केल्याचे रूपक आहे.

खत म्हटले की आपल्याकडचे दोन प्रसंग आठवतात. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. तिथे कागद जाळले ते देणेकऱ्यांनी. दुसरा प्रसंग त्याच मुलखातला, दोन शतके आधीचा. परंपरा सांगते की तुकोबांनी घरच्या सावकारीची खते धाकट्या भावाशी, कान्होबाशी निम्मी वाटून घेतली आणि आपला वाटा इंद्रायणीत बुडवला. कान्होबाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही. दुसऱ्याच्या हक्काचे ऋण आपण परस्पर सोडू शकत नाही, हे त्यात आलेच. ख्रिस्ती क्षमेचा अभ्यास करताना मला देहूच जवळचे वाटले, आणि हे मला एकट्यालाच वाटलेले नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्याच वाटेने ख्रिस्ताकडे गेले.

टिळक काही काळ आपल्या नागपुरात होते, आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथांचे काम करत. पुढे १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले. ऋणाची ती ओळ त्याच प्रवचनात आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नीला त्यांनी विश्वासात घेतले नव्हते. लक्ष्मीबाईंना कळले तेव्हा घर मोडलेले होते. चार-पाच वर्षे त्या मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. मग त्या नवऱ्याकडे परतल्या आणि १९०० मध्ये राहुरीला त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

‘स्मृतिचित्रे’ आपण सगळ्यांनी वाचलेले असते, निदान शाळेत उतारा म्हणून तरी. मी ते ऋणाचा शब्द डोक्यात घेऊन पुन्हा वाचले. टिळकांचा तापटपणा, न सांगता निघून जाणे, हाती आलेला पैसा वाटून टाकणे, काहीही लपवलेले नाही. सगळी नावे टाकलेली आहेत, पण वसुली कुठे नाही. क्षमा म्हणजे विसरणे, असे आपण सहज म्हणतो. या बाईंना कणन् कण आठवत होता आणि तो आठवून त्या हसत होत्या. नवऱ्याचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुरे केले. हे एका दिवसात झालेले नाही. मधली ती वर्षे त्यांना लागली, आणि ती लागू द्यावीत, असे माझे मत आहे. घाईने दिलेली क्षमा पुष्कळदा बाईकडूनच मागितली जाते. लूकच्या सतराव्या अध्यायात भाऊ चुकला तर आधी त्याला खडसाव, असे स्पष्ट आहे. तो भाग प्रवचनांत कमी ऐकू येतो.

इंदूरकडची घटना याहून भयंकर आहे आणि तिच्यातही सावकार आहे. केरळातल्या सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात आदिवासींमध्ये काम करत. लोकांना सावकारी पाशातून सोडवण्याची त्यांची धडपड काहींना सलली. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला निघालेल्या बसमध्ये समंदर सिंग याने त्यांना भोसकले. अंगावर पन्नासहून अधिक जखमा होत्या. त्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेला पाठिंबा दिला, २००६ मध्ये तो सुटला. पुढे तो केरळात त्यांच्या घरी जाऊन आईलाही भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात राणी मारियांना ‘धन्य’ घोषित केले गेले.

यात खटला मागे घेतला गेला नाही, हे लक्षात घ्यावे. शिक्षा न्यायालयाने दिली, त्याने ती अकरा वर्षे भोगली. सरकारचे देणे वेगळे आणि बहिणीचे वेगळे. बहिणीने आपल्या वाट्याचेच सोडले, कान्होबाच्या वाट्याला हात न लावणाऱ्या तुकोबांसारखे.

नागपूरचाही एक दाखला आहे, तो मंडळ्यांचा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. कोणाची दीक्षा खरी, बिशप हवेत की नकोत, बाप्तिस्मा लहानपणी की जाणतेपणी, यावर या परंपरांत पिढ्यान्‌पिढ्यांचे वाद होते. कोण बरोबर होते याचा निकाल न लावता त्यांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले. मालमत्तेचे मात्र तसे झाले नाही. गुजरातेतल्या एका मंडळीच्या विलीनीकरणाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये निकाल लागला की ते विलीनीकरण कायद्याने झालेलेच नव्हते. जमीन सोडणे नेहमीच अवघड असते, मी कुणाला हसत नाही.

हसत नाही, कारण माझ्या धाकट्या भावाकडे माझे ४५,००० रुपये आहेत. २०१२ मध्ये मालवाहू टेम्पोसाठी त्याने हातउसने नेले. वर्षभरात देतो म्हणून त्याने चिठ्ठी लिहून दिली. टेम्पो विकला गेला, पैसे आले नाहीत, आणि एकदा मी चारचौघांत विषय काढला तेव्हापासून बोलणे बंद झाले. माझी ही नव्वद दिवसांची मजुरी. मी लोकांना सांगत असे, मी ते कधीच सोडून दिले. बँकवाले बुडीत कर्ज निर्लेखित करतात, तेव्हा ते ताळेबंदातून निघते पण वसुली चालूच राहते. माझे तसे होते. पैसे मागत नव्हतो, पण पुतणीच्या साखरपुड्याला गेलो नाही, आईच्या वर्षश्राद्धाला त्याच्याकडे पाठ करून बसलो. हप्ते मी नियमित वसूल करत होतो.

गेल्या दिवाळीत कपाट आवरताना चिठ्ठी सापडली. ती फाडली. आकडा अजून पाठ आहे, तो जात नाही. भाऊबीजेला आम्ही दोघेही बहिणीकडे मानेवाड्याला जातो, तो सकाळी आणि मी संध्याकाळी. गाठ पडू नये म्हणून तिनेच हे लावून दिले आहे. यंदा तिला फोन करून सांगितले, मीही सकाळीच येतो. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “दादा, मग ताटं सोबतच वाढू ना?”