अंतुले साहेब : अभिमान आणि अमानत

आपल्या कोकणी मुस्लिम घरांत मरहूम बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. महाराष्ट्राचे आजवरचे ते एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. पण त्यांनी काम काय केले, असे वर्गात विचारले की मुले घरी ऐकलेले सांगतात. कोणी म्हणते, "आपले सीएम होते," तर कोणी म्हणते, "सिमेंटचे प्रकरण." मुलांना पूर्ण हकीकत सांगणे हे आपलेच काम आहे.

अंतुले साहेबांचा जन्म १९२९ साली सावित्री नदीकाठच्या आंबेत गावी झाला. नदीच्या या बाजूला आपल्या मंडणगड तालुक्यातले म्हाप्रळ. लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेले अंतुले १९६२ मध्ये आमदार झाले, पुढे राज्यात मंत्री, मग राज्यसभेचे खासदार. ९ जून १९८० रोजी ते मुख्यमंत्री झाले.

कारकीर्द जेमतेम दीड वर्षाची, पण तिचा ठसा आपल्या नकाशावर आहे. त्याआधी रत्नागिरी जिल्हा मंडणगडपासून थेट सावंतवाडीपर्यंत पसरलेला होता. तिकडच्या माणसाला कलेक्टर कचेरीतल्या कामासाठी रत्नागिरी गाठावी लागे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्याच दिवशी मराठवाड्यात जालना जिल्हा झाला. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नावही त्याच वर्षी मिळाले.

त्याहून मोठे काम म्हणजे १९८० ची संजय गांधी निराधार अनुदान योजना. विधवा, तलाकशुदा, अपंग, दीर्घ आजारी अशा निराधारांना सरकारने दरमहा रक्कम द्यावी, ही त्यामागची कल्पना. सरकारे बदलली, पण योजना टिकली. २०२३ मध्ये ही रक्कम दरमहा १,५०० रुपये झाली.

आता दुसरी बाजू. त्यांनी काढलेल्या प्रतिष्ठानाला बिल्डरांनी देणग्या दिल्या आणि त्या बदल्यात त्यांना टंचाईच्या काळात सिमेंटचा कोटा मिळाला, असा निष्कर्ष मुंबई उच्च न्यायालयाने काढला. जानेवारी १९८२ मध्ये साहेबांना राजीनामा द्यावा लागला. पुढे फौजदारी खटल्याची लढाई वर्षानुवर्षे चालली. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा खटला उच्च न्यायालयाकडे सोपवण्याचा स्वतःचाच आदेश रद्द केला. साहेब पुन्हा निवडून आले, केंद्रात आरोग्यमंत्री झाले आणि २००६ मध्ये देशाचे पहिले अल्पसंख्याक मंत्री. २ डिसेंबर २०१४ रोजी त्यांचे निधन झाले.

सिमेंटचा विषय निघाला की आपल्याकडे वाद होतो. "आपला माणूस होता म्हणून पाडला," असे काही वडीलधारी म्हणतात. राजकारण असेलही, पण हुकूमत ही अमानत आहे, हे आपणच मुलांना शिकवतो. नियत चांगली म्हणून रस्ता चुकीचा चालत नाही. हा नियम आपल्या माणसालाही लागू केला, तरच मुलांचा आपल्या शब्दावर विश्वास बसेल.

आणि नुसता अभिमान पुरेसा नाही. आपल्या मोहल्ल्यात कितीतरी बहिणी या अनुदानाच्या हकदार असून अर्जच करत नाहीत. कोणाला माहीत नसते, कोणाला तहसील कचेरीत जायची शरम वाटते. शिकलेल्या मुलांनी सुट्टीच्या दिवशी उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, बँकेचे पासबुक अशी कागदपत्रे जमवून एकेक अर्ज भरून द्यावा. साहेबांची याद राखायची असेल, तर सुरुवात इथून करू या.