मागचे दिवे धूसर कसे होतात?

किट लेन्सच्या तोंडाशी छापलेले आकडे नवख्या छायाचित्रकाराला हमखास चकवतात. १८-५५ मिमी, एफ ३.५-५.६. एफचा आकडा जितका लहान तितकी पार्श्वभूमी धूसर, हे त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं. मग तो लेन्स १८ मिमीवर आणतो, एफ ३.५ लावतो आणि पणतीशेजारी बसलेल्या मुलीचा फोटो काढतो. फोटोत मुलगी स्पष्ट, मागची भिंत स्पष्ट आणि भिंतीवरचं कॅलेंडर तर तारखांसकट वाचता येतं! कॅमेरा चांगला आहे, हातही स्थिर आहे. फक्त नियम अर्धाच कानावर पडलेला आहे.

एफचा आकडा म्हणजे एक भागाकार. लेन्सच्या फोकल लेंथला अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राच्या व्यासाने भागलं की तो मिळतो. तेच गणित उलट केलं की छिद्र किती रुंद आहे ते कळतं. १८ ला ३.५ ने भागलं तर जेमतेम ५ मिमी. ५५ ला ५.६ ने भागलं तर जवळपास १० मिमी. ज्या टोकाला एफचा आकडा मोठा, तिथेच छिद्र दुप्पट रुंद! पार्श्वभूमी उडते ती या रुंदीमुळे. म्हणून किट लेन्स हाती असेल तर झूम पूर्ण ५५ वर न्यावा आणि मुलीच्या जवळ जावं.

यामागचं प्रकाशशास्त्र सोपं आहे. दूरच्या एका दिव्याचे किरण लेन्सच्या संपूर्ण छिद्रातून आत शिरतात आणि पुढे एका बिंदूत मिळतात. फोकस जवळच्या मुलीवर असेल, तर हा बिंदू सेन्सरच्या आधीच येतो. तिथून किरण पुन्हा फाकतात आणि सेन्सरवर दिव्याच्या ठिपक्याऐवजी चकती उमटते. छिद्र रुंद असेल तर चकती मोठी. अशा असंख्य चकत्या एकमेकींवर पडल्या की भिंत, झाडं, गर्दी सगळं विरघळल्यासारखं दिसतं.

ही चकती किती मोठी होईल, याचा एक सुरेख हिशेब आहे. दिवा खूप लांब असेल, तर मुलीच्या चेहऱ्याच्या मापात त्याची चकती बरोबर छिद्राएवढी दिसते. ५० मिमी, एफ १.८ या लोकप्रिय आणि तुलनेने स्वस्त लेन्सचं छिद्र सुमारे २८ मिमी असतं. म्हणजे लांबवरच्या माळेतला प्रत्येक दिवा त्या चेहऱ्याशेजारी दहा रुपयांच्या नाण्याएवढा होतो. किट लेन्सच्या ५५ च्या टोकाला तोच दिवा एक सेंटिमीटरचा.

पण दिवे लांब हवेत. मुलगी कॅमेऱ्यापासून दोन मीटरवर आणि माळ तिच्या मागे आणखी दोन मीटरवर असेल, तर चकती निम्मी होते. माळ तिच्या पाठीशी अर्ध्या मीटरवर भिंतीलाच टांगलेली असेल, तर उरतो फक्त पाचवा हिस्सा. इथे महागडी लेन्सही फारसं काही करू शकत नाही. मुलीला भिंतीपासून चार पावलं पुढे आणणं हा मात्र बिनखर्चाचा उपाय आहे.

अनेकांच्या बॅगेत दुर्लक्षित पडलेली ५५-२५० मिमीची झूम लेन्सही इथे उपयोगी पडते. २५० वर एफ ५.६ असताना तिचं छिद्र सुमारे ४५ मिमी होतं, ५० मिमीच्या लेन्सपेक्षा, म्हणजे ‘फिफ्टी’पेक्षा कितीतरी रुंद. अट एवढीच की मोकळी जागा हवी. २५० मिमीवर तेवढाच चेहरा टिपायला दहा मीटर मागे जावं लागतं, आणि एवढ्या अंतरावरून मुलीमागचे दोन मीटर फारच थोडे ठरतात. चाळीच्या गॅलरीत फिफ्टी सरस, मैदानात झूम.

छिद्र रुंद करत गेलं की स्पष्टतेचा पट्टा आक्रसतो. एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर फिफ्टीने एफ १.८ ला दोन मीटरवरून फोटो काढला, तर साधारण ११ सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. एक मीटरवर आलं की तीनच सेंटिमीटर. डोळा स्पष्ट आणि कान धूसर. म्हणूनच फोकसचा एकच बिंदू निवडून तो जवळच्या डोळ्यावर ठेवायचा असतो.

या पातळ पट्ट्याशी झालेली सिनेमातली सर्वांत गाजलेली झुंज म्हणजे स्टॅनली कुब्रिकचा १९७५ चा ‘बॅरी लिंडन’. अठराव्या शतकातले दिवाणखाने त्याला मेणबत्त्यांच्या उजेडातच चित्रित करायचे होते. त्यासाठी त्याने झाइस कंपनीने नासासाठी बनवलेली ५० मिमी, एफ ०.७ ची लेन्स कॅमेऱ्यावर बसवून घेतली. भागाकार केला तर छिद्र सुमारे ७१ मिमी! नट जरा पुढेमागे झुकला तरी फोकसबाहेर जाई, म्हणून त्या दृश्यांत हालचाली मोजक्या ठेवाव्या लागल्या. छायाचित्रणकार जॉन अल्कॉट यांना या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं.

चकत्यांचा आकारही लेन्स ठरवते. अ‍ॅपर्चर ज्या पात्यांचं बनलेलं असतं, त्यांची छाप प्रत्येक दिव्यावर उमटते. कॅननच्या जुन्या ५० मिमी एफ १.८ मध्ये पाच पाती होती; एफ २.८ किंवा ४ ला मागचे दिवे पंचकोनी दिसत. २०१५ च्या एसटीएम आवृत्तीत सात गोलसर पाती आली आणि चकत्या पुष्कळ गोल झाल्या. पूर्ण उघड्या छिद्राला मात्र पाती आड येत नाहीत, तेव्हा मधले दिवे गोल आणि कडेचे बदामासारखे लांबट येतात.

फोनला रुंद छिद्राची ही सोय नाही. आयफोन ७ च्या मुख्य लेन्सची खरी फोकल लेंथ सुमारे ४ मिमी आणि छिद्र जेमतेम सव्वादोन मिमी. म्हणून २०१६ मध्ये ७ प्लसने दोन कॅमेऱ्यांच्या नजरेतल्या फरकावरून अंतर ओळखून संगणकीय धूसरता आणली. पिक्सेल २ या फोनने पुढच्या वर्षी ते एकाच कॅमेऱ्यावर साधलं. भुरभुरणारे केस आणि चष्म्याच्या कडा इथे अजूनही फसू शकतात.

कॅमेऱ्यावर सुरुवात करताना डायल ‘ए’वर, कॅननमध्ये ‘एव्ही’वर ठेवावा; छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. भर दुपारच्या उन्हात आयएसओ १०० ला एफ १.८ साठी सेकंदाचा सुमारे आठ हजारावा भाग लागतो आणि सुरुवातीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांची धाव चार हजाराव्या भागापर्यंतच असते. अशा वेळी सावली गाठावी किंवा एफ २.८ लावावं.

भाऊबीजेचं औक्षण टिपताना उभं राहण्याची जागा महत्त्वाची. बहिणीच्या पाठीमागून फोटो घेतला तर पाटावरचा भाऊ आणि ताम्हन घेतलेली बहीण वेगवेगळ्या अंतरांवर येतात. एक स्पष्ट, दुसरं धूसर. बाजूला, दोघांपासून सारख्या अंतरावर उभं राहून फिफ्टीवर एफ ४ लावलं, तर दोन मीटरवरून सुमारे २५ सेंटिमीटरचा पट्टा मिळतो. दोन्ही चेहरे आणि निरांजनाची ज्योत त्यात मावते आणि मागच्या खिडकीतला आकाशकंदील धूसरच राहतो.