टोकाचा टवका

औंढ्याला नागनाथाचा गाभारा जमिनीच्या पोटात आहे. अरुंद वाटेने, अंग चोरून, दगडाला हात टेकीत खाली उतरावे लागते. गेल्या श्रावणात आम्ही उभयता दर्शनाला गेलो. वर येऊन पाहतो तो काय, सौभाग्यवतीच्या अंगठीतल्या हिऱ्याचे एक टोक नाहीसे!

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला ही अंगठी मीच निवडली होती. तिला आईच्या कुड्यांतल्यासारखा गोल हिरा हवा होता. मी मात्र हट्टाने होडीच्या घाटाचा, दोन्ही अंगांना निमुळता ‘मार्कीज’ घेतला. आता ती काहीच बोलली नाही, आणि तेच मला जास्त झोंबले.

“घणाने न फुटणारा हिरा दगडाला आपटून फुटतो? म्हणजे खोटाच!” असे म्हणत मी हिंगोलीच्या एका वृद्ध सराफांची पायरी चढलो. त्यांनी भिंगातून पाहिले आणि ते हसले. “हिरा अस्सल आहे, मास्तर. समजूत खोटी आहे!”

मग त्यांनी शिकवणीच घेतली. कठीणपणा वेगळा, चिवटपणा वेगळा. कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा सर्वांत वर, १० व्या क्रमांकावर. त्यावर ओरखडा काढायला हिराच लागतो. पण त्याच्या स्फटिकात चार दिशा अशा असतात, की त्या अंगाने घाव बसला तर तो लाकडासारखा चिरतो. हिरे कापणारे कारागीर याच गुणाचा उपयोग करीत आले. गोल आणि लंबगोल हिऱ्याला टोक नसते, म्हणून धोका कमी. थेंबाच्या घाटाला एक टोक, मार्कीजला दोन, चौकोनी ‘प्रिन्सेस’ला चार. टोकाशी हिरा पातळ, त्याला पाठबळ नाही. मात्र कंबरेची कड फार पातळ ठेवली, तर गोल हिऱ्याचाही टवका उडतो.

“टोके घासून घेऊ का?” मी विचारले.

“वजन जाईल. त्र्यंबकेश्वरचा ‘नासक’ हिरा ठाऊक आहे ना?” १८१८ साली पेशव्यांकडून इंग्रजांच्या हाती गेलेला तो हिरा सुमारे ९० कॅरटांचा होता. लंडनच्या जवाहिऱ्यांनी त्याचे तेज वाढवायला तो पुन्हा कापला. तरी घाट त्रिकोणीच राहिला. १९४० साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी त्याला छाटलेल्या कोपऱ्यांचा काटकोनी घाट दिला. उरले ४३.३८ कॅरट!

आम्ही हिरा घासला नाही. दोन्ही टोकांवर सोन्याची कोनाकृती पकड बसवून घेतली. पूर्वीच बसवली असती तर!

अंगठी आणायला गेलो, तेव्हा पुन्हा औंढ्याला गेलो. गाभाऱ्यात उतरण्यापूर्वी सौभाग्यवतीने अंगठी काढून माझ्या हाती दिली. नंतर प्रदक्षिणा घालताना ती भिंतीवरच्या एका भंगलेल्या मूर्तीपाशी थांबली. बाकी अंग शाबूत, फक्त नाक गेलेले.

“फार पुढं काढलं होतं वाटतं!” ती म्हणाली.

मी निमूटपणे पुढे चालू लागलो.